संगणक-निद्रा व तीमधील दोषशोधन

संगणकात चालू असलेले काम आहे त्याच स्थितीत राखून यंत्राच्या बहुतेक भागांचा विद्युत् पुरवठा बंद करणे आणि मागणी होताच ते काम जेथे थांबले तेथून पुढे सुरू करणे, या सोयीस संगणक-निद्रा म्हणतात. यातील पहिल्या क्रियेसाठी व्यवहारात ‘सस्पेंड’ वा ‘स्लीप’ आणि दुसरीसाठी ‘रिझ्यूम’ हे शब्द रूढ आहेत; प्रस्तुत नोंदीत त्यांना अनुक्रमे निद्रा व जागृती असे म्हटले आहे. या क्रिया परिचालन प्रणालीचा गाभा, म्हणजे ज्यास तंत्रज्ञ ‘कर्नेल’ म्हणतात तो भाग, पार पाडतो. गाभ्याच्या जुन्या आवृत्तीत नीट चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत बिघडली, तर त्या दोषास परागती म्हणतात. निद्रा-जागृतीमधील परागती ही संगणकातील सर्वांत चिवट दोषांपैकी एक समजली जाते. याचे कारण असे की, दोष ज्या क्षणी घडतो त्या क्षणी पडदा, तबकडी, जाळे इ. दोषाची नोंद करू शकणारी साधनेही निद्रिस्तच असतात.

या सोयीचे महत्त्व विजेचा पुरवठा अखंड नसलेल्या प्रदेशांत विशेष जाणवते. रत्नागिरी जिल्ह्यात डोंगर व दाट झाडी यांतून गेलेल्या विद्युत् वाहिन्यांवर पावसाळ्यात फांद्या पडून पुरवठा खंडित होणे ही नेहमीची बाब आहे. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाचा तडाखा लगतच्या मंडणगड व दापोली तालुक्यांनाही बसला. विजेचे खांब कोसळल्याने तेथील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती आणि त्याच काळात महासाथीमुळे शाळा व कचेऱ्या यांचे काम घरून चालू होते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्याला समांतर गेले, तेव्हाही पुरवठा विस्कळित झाला. अशा वेळी लॅपटॉपची घटमाला हाच एक साठा उरतो. समजा, घटमालेची क्षमता ४८ वॉट-तास आहे. जागा असलेला संगणक ८ वॉट शक्ती घेत असेल, तर तो ६ तासांत बंद पडेल. निद्रेत तो अर्धा वॉट घेत असेल, तर हाच साठा ९६ तास म्हणजे ४ दिवस पुरेल. झाकण मिटल्यावर संगणक झोपला असे वापरणाऱ्यास वाटावे व प्रत्यक्षात तो जागाच राहावा, अथवा झोपलेला संगणक पुन्हा जागाच होऊ नये, या दोन्ही प्रकारांत नुकसान होते. पहिल्यात घटमाला रिकामी होते, तर दुसऱ्यात साठवून न ठेवलेले सर्व काम जाते.

निद्रेचे प्रकार : वैयक्तिक संगणकांत शक्तीच्या वापरावर नियंत्रण ठेवणारे पहिले सर्वमान्य मानक १९९२ मध्ये इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी तयार केले. त्यात निर्णयाचा अधिकार मुख्यत्वे यंत्रात कायम कोरलेल्या आज्ञावलीकडे, म्हणजे फर्मवेअरकडे होता. इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एसीपीआय या मानकाने तो अधिकार परिचालन प्रणालीकडे दिला व निद्रेच्या पायऱ्या ठरवून दिल्या. त्यांपैकी एस-३ या अवस्थेत केवळ मुख्य स्मृतीला वीज मिळत राहते. बाकीचे जवळजवळ सर्व भाग बंद होतात. एस-४ मध्ये स्मृतीचा संपूर्ण आशय तबकडीवर लिहून यंत्र पूर्ण बंद केले जाते. लिनक्सच्या गाभ्यात या दुसऱ्या प्रकाराची सोय २००२ मध्ये समाविष्ट झाली. २०१३ मधील ३.९ या आवृत्तीपासून लिनक्समध्ये तिसरा प्रकारही आला. त्यात यंत्र फर्मवेअरच्या स्वाधीन केले जात नाही. सर्व उपकरणे शांत करून प्रोसेसरला शक्य तितक्या खोल विश्रांतीत ठेवले जाते. २०२० च्या सुमारास बाजारात आलेल्या अनेक लॅपटॉपांत एस-३ अवस्था मिळेनाशी झाली आणि हा तिसरा प्रकारच मुख्य बनला.

प्रस्तुत विवेचन लिनक्सच्या अनुरोधाने केले आहे, कारण त्याचा गाभा सर्वांस वाचण्यास खुला असून त्यातील प्रत्येक बदलाची नोंद उपलब्ध आहे. अँड्रॉइड भ्रमणध्वनींत हाच गाभा असतो. सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली बॉस ही भारतीय परिचालन प्रणालीही त्यावरच आधारलेली आहे.

क्रियेचा क्रम : निद्रा ही एक क्रिया नसून ठराविक क्रमाने होणाऱ्या अनेक क्रियांची साखळी आहे. गणपती वा शिमग्यासाठी गावी आलेला कोकणातील चाकरमानी मुंबईस परत जाताना घर बंद करतो, त्याच्याशी हिचे साम्य आहे. विहिरीवरचा पंप आधी थांबवावा लागतो, विजेची मुख्य कळ नंतर खाली करावयाची असते आणि दाराला कुलूप सर्वांत शेवटी लागते. पुढील खेपेस घर उघडताना हाच क्रम उलट होतो. मुख्य कळ वर न करता पंप चालू करू गेल्यास तो चालत नाही. संगणकातही प्रत्येक उपकरण दुसऱ्या कशावर तरी अवलंबून असते : कळफलक यूएसबी नियंत्रकावर आणि तो नियंत्रक मुख्य मार्गिकेवर.

लिनक्समध्ये प्रथम तबकडीवर लिहावयाचा राहिलेला मजकूर लिहून घेतला जातो. नंतर वापरणाऱ्याच्या सर्व आज्ञावली गोठविल्या जातात. यासाठी २० सेकंदांची मुदत असते व ती उलटल्यास निद्रेचा बेत रद्द होतो. त्यानंतर प्रत्येक उपकरणाच्या चालक आज्ञावलीस, म्हणजे ड्रायव्हरला, आपले उपकरण थांबविण्यास सांगितले जाते. हे काम एका दमात न होता टप्प्याटप्प्याने होते व अखेरच्या टप्प्यापूर्वी उपकरणांचे व्यत्यय-संकेतही बंद केले जातात. मग एक सोडून बाकीचे प्रोसेसर थांबतात आणि शेवटी उरलेला प्रोसेसर फर्मवेअरच्या साहाय्याने यंत्र एस-३ मध्ये नेतो. जागृतीच्या वेळी प्रोसेसर जणू नुकताच जन्मल्यासारखा, १६ बिटांच्या जुन्या रीतीने काम सुरू करतो. फर्मवेअर त्यास स्मृतीतील ठराविक पत्त्यावर पाठविते व तेथून गाभा सर्व सूत्रे पुन्हा हाती घेतो. लॅपटॉपात अशी शेकडो उपकरणे व उप-उपकरणे गाभ्याच्या यादीत असतात. त्यांपैकी एकाही चालकाने आपल्या उपकरणाची आधीची स्थिती चुकीची परत मांडली, तर सबंध जागृती अडून राहू शकते. २०१० मधील २.६.३४ या आवृत्तीपासून वेळ वाचविण्यासाठी परस्परांवर अवलंबून नसलेली उपकरणे एकाच वेळी झोपविण्याची व उठविण्याची सोय झाली. तीमुळे क्रम दर खेपेस थोडा बदलू शकतो आणि परस्परावलंबन कोठे नोंदवावयाचे राहिले असेल, तर दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही.

दोषशोधनाची साधने : प्रथम पाहावयाचे ते हे की, यंत्र खरोखर मेले आहे की केवळ पडदा काळा आहे. यासाठी कळफलकावरील ‘कॅप्स लॉक’ची कळ दाबून तिचा दिवा लागतो का, हे पाहण्याची जुनी युक्ती अद्याप उपयोगी पडते. दिवा लागला तर गाभा जिवंत असून दोष बहुधा चित्र-नियंत्रकाच्या चालकात आहे, असे अनुमान निघते. पडद्याची मांडणी गाभ्यानेच करावयाची, ही पद्धत २००९ नंतर रुळली. तोपर्यंत काळ्या पडद्याच्या तक्रारी सर्वांत अधिक असत.

पुढील साधन म्हणजे साखळीची तुकड्यातुकड्याने परीक्षा. गाभ्यास अशी आज्ञा देता येते की, ठरलेल्या टप्प्यापर्यंत जावे, ५ सेकंद थांबावे व खरी झोप न घेता परत फिरावे. या परीक्षेच्या पाच पातळ्या आहेत : केवळ आज्ञावली गोठविणे, तदनंतर उपकरणे, मग फर्मवेअरची पूर्वतयारी, नंतर इतर प्रोसेसर थांबविणे, आणि शेवटी गाभ्याचा अगदी आतला भाग. पहिली पातळी पार पडून दुसरीवर यंत्र अडकले, तर दोष कोणत्या तरी उपकरणाच्या चालकात आहे हे निश्चित होते. मग चालक एकेक करून काढून टाकून तीच परीक्षा पुन्हा घेता येते. पाचही पातळ्या निर्विघ्न पार पडल्या व खऱ्या निद्रेतूनच यंत्र उठत नसेल, तर संशय फर्मवेअरवर किंवा फर्मवेअर व गाभा यांच्यातील देवघेवीवर जातो. संदेश दाखविणारा पडदा वा अनुक्रम-द्वार अखेरपर्यंत जागे ठेवण्याचीही सोय आहे. मात्र पुष्कळ लॅपटॉपांना असे द्वारच नसते.

यंत्र खऱ्या निद्रेतून उठताना मध्येच गोठले, तर मागे कसलाही पुरावा उरत नाही. सक्तीने बंद करून पुन्हा चालू करताच मुख्य स्मृतीतील सर्व नोंदी जातात. या अडचणीवर लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००६ मध्ये काढलेला मार्ग वेधक आहे. वैयक्तिक संगणकात वेळ राखणारे एक छोटे घड्याळ मंडल असते व ते स्वतंत्र घटावर चालते, त्यामुळे सर्व काही बंद झाले तरी त्यातील अंक टिकतात. तेव्हा वेळेच्या जागी दोषाची खूण त्या घड्याळातच लिहून ठेवावी, अशी ही कल्पना आहे. घड्याळात १०० वर्षे, १२ महिने, २८ दिवस व २४ तास मांडता येतात. मिनिटे मात्र तीन-तीनच्या गटांनी, म्हणजे २० च मोजली जातात, कारण यंत्र पुन्हा चालू करेपर्यंत घड्याळ पुढे सरकतच असते. या सर्वांचा गुणाकार १,६१,२८,००० होतो. म्हणजे सुमारे १ कोटी ६१ लाख भिन्न खुणांपैकी एक या घड्याळात मावते. गाभ्यातील कोणत्या संचिकेची कोणती ओळ व कोणते उपकरण चालू होते, यांवरून विशिष्ट गणिती रीतीने काढलेला एक अंक जागृतीच्या प्रत्येक टप्प्यावर घड्याळात लिहिला जातो. यंत्र गोठल्यावर सुमारे तीन मिनिटांच्या आत ते पुन्हा चालू करावे लागते. तसे केल्यास गाभा सुरुवातीलाच घड्याळ वाचतो, अंक उलगडतो व जुळणाऱ्या उपकरणाचे नाव नोंदवहीत लिहितो. या युक्तीची किंमत अर्थातच घड्याळाला मोजावी लागते : संगणक भलतीच तारीख दाखवू लागतो व ती नंतर दुरुस्त करावी लागते. तसेच दोन भिन्न उपकरणांचा अंक योगायोगाने एकच येऊ शकतो. शिवाय घड्याळ सांगते ते शेवटचे ओलांडलेले ठिकाण. अपराधी बहुधा त्याच्या लगेच पुढे असतो. या नोंदीसाठी उपकरणे एकाच वेळी उठविण्याची पद्धत बंद ठेवून ती एकामागून एक उठविली जातात. त्यामुळे परस्परावलंबनातून उद्‌भवलेला दोष परीक्षेच्या वेळीच नाहीसा होणे शक्य असते.

द्विभाजन : वरील साधनांनी दोषाचे स्थान कळते, त्याचे कारण कळेलच असे नाही. दोष परागतीचा असेल, म्हणजे जुनी आवृत्ती चालते व नवी चालत नाही हे ठाऊक असेल, तर चालकातील एकही ओळ न वाचता तो घडवून आणणारा नेमका बदल शोधता येतो. ही रीत रत्नागिरीतील वीज-कर्मचाऱ्यांना वेगळ्या रूपात परिचित आहे. जंगलातून गेलेली ११ किलोव्होल्टची लांब वाहिनी बंद पडते तेव्हा प्रत्येक खांब पाहत जाण्याऐवजी ते मधला एबी स्विच उघडून अलीकडचा भाग चालू करून पाहतात. तो टिकला तर बिघाड पलीकडे, न टिकला तर अलीकडे असतो. मग उरलेल्या भागाचे पुन्हा दोन भाग करावयाचे. लिनक्सच्या गाभ्याची नवी आवृत्ती साधारणतः ९ ते १० आठवड्यांनी निघते व तीत दहा ते पंधरा हजार बदल असतात. २ चा चौदावा घात १६,३८४ असल्यामुळे एवढ्या बदलांतून एक शोधण्यास सुमारे १४ चाचण्या पुरतात. बदलांचा इतिहास राखणाऱ्या गिट या आज्ञावलीत (२००५) ही सोय आरंभापासूनच्या काही महिन्यांत आली. मधला बदल निवडणे, आधीच्या उत्तरांचा हिशेब ठेवणे व शेवटी दोषी बदल सांगणे ही कामे ती करते. हा हिशेब तबकडीवर राहतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी झालेल्या चाचण्या वाया जात नाहीत. प्रत्येक चाचणीसाठी गाभा नव्याने बांधावा लागतो. साध्या लॅपटॉपवर त्यास तास किंवा अधिक वेळ लागू शकतो. मात्र त्या यंत्रात प्रत्यक्ष असलेल्याच उपकरणांचे चालक निवडल्यास तो बराच कमी होतो.

द्विभाजनाचा खरा शत्रू म्हणजे अनियमित दोष. समजा, सदोष गाभा दर २० निद्रांपैकी सरासरी एका खेपेसच अडकतो. अशा गाभ्याची २० वेळा परीक्षा घेतली, तरी तो एकदाही न अडकण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के राहते. ६० वेळा घेतल्यास ती सुमारे ५ टक्क्यांवर व ९० वेळा घेतल्यास सुमारे १ टक्क्यावर येते. एकही सदोष गाभा चुकून निर्दोष ठरला, तर पुढील सर्व शोध चुकीच्या अर्ध्या भागात जातो व अखेरीस एखादा निरपराध बदल दोषी ठरतो. चौदांपैकी सात चाचण्यांत गाभा सदोष निघावयाचा असेल व प्रत्येकी ६० निद्रांवरच समाधान मानले, तर निष्कर्ष चुकण्याचा धोका सुमारे २८ टक्के होतो. म्हणून ठरलेल्या सेकंदांनी यंत्र आपोआप जागे करणारी साधने वापरून रात्रभर निद्रा-जागृतीची आवर्तने चालविली जातात. शोधाअंती दोषी ठरलेला एकच बदल नव्या आवृत्तीतून मागे घेऊन दोष जातो का, हे पाहणे अवश्य असते. घाईत हीच पायरी अनेकदा गाळली जाते.

शक्तिक्षयाची परागती : काही परागतींत यंत्र गोठत नाही, ते केवळ अधिक वीज खाते. हा दोष महिनोन्‌महिने लक्षात न येण्याचा संभव असतो, कारण काहीच ‘बिघडलेले’ नसते. याचे प्रसिद्ध उदाहरण २०११ मधील आहे. त्या वर्षी मार्चमध्ये निघालेल्या २.६.३८ या आवृत्तीनंतर अनेक लॅपटॉपांची घटमाला पूर्वीपेक्षा लवकर संपू लागली. मायकेल लॅराबेल यांनी वीजमापक जोडून निरनिराळ्या आवृत्त्यांची मोजणी केली व द्विभाजनाने दोषी बदल शोधला. प्रोसेसर व उपकरणे यांना जोडणाऱ्या पीसीआय-एक्सप्रेस या मार्गिकेस काम नसताना विश्रांती देण्याची एक सोय असते. तिला आपला पाठिंबा नाही असे फर्मवेअरने कळविल्यास नवा गाभा ती सर्वत्र बंद करू लागला. परंतु अशा अनेक यंत्रांत फर्मवेअरनेच ती काही उपकरणांसाठी आधी चालू करून ठेवलेली असे आणि जुना गाभा तिला हात लावत नसे. मॅथ्यू गॅरेट यांनी नोव्हेंबर २०११ मध्ये केलेल्या दुरुस्तीने फर्मवेअरने केलेली मांडणी तशीच राहू देण्याचे धोरण पुन्हा आले व २०१२ मधील ३.३ या आवृत्तीत ती दुरुस्ती समाविष्ट झाली. मानकातील शब्दांचा सरळ अर्थ लावणारा बदल प्रत्यक्षातील यंत्रांवर कसा उलटतो, ते या प्रकरणातून स्पष्ट होते. फर्मवेअर तयार करणारे बहुधा विंडोज या प्रणालीवरच त्याची परीक्षा घेतात, ही गोष्ट लिनक्सच्या अभियंत्यांना आजही हिशेबात धरावी लागते.

एस-३ नसलेल्या नव्या लॅपटॉपांत हा प्रश्न अधिक नाजूक झाला आहे. तेथे एकच उपकरण पुरेसे शांत झाले नाही, तर सबंध यंत्र खोल विश्रांतीस पोहोचत नाही. पडदा बंद, पंखा बंद, पण पिशवीतील लॅपटॉप कोमट लागतो. वर घेतलेल्या ४८ वॉट-तासांच्या घटमालेवर अशी अर्धवट निद्रा ३ वॉटने चालली, तर ती १६ तासांतच रिकामी होईल. खोल विश्रांतीत गेलेला काळ मोजणारा गणक अशा यंत्रांत असतो. निद्रेपूर्वीचा व नंतरचा त्याचा आकडा तोच राहिला, तर यंत्र खोल विश्रांतीस गेलेच नाही, असे समजावे.

तक्रार व दुरुस्ती : चालक लिहिणाऱ्या अभियंत्याजवळ बिघडलेल्या यंत्राचा नमुना बहुधा नसतो. त्याच नावाच्या लॅपटॉपांतही फर्मवेअरची आवृत्ती व जाळ्याचे पत्रक निराळे असू शकते. म्हणून या क्षेत्रात दोषशोधनाचा मोठा भाग ज्याच्या हाती ते यंत्र आहे त्यालाच पार पाडावा लागतो. मग तो चिपळुणातील विद्यार्थी असो की बर्लिनमधील अभियंता. उपयुक्त तक्रारीत यंत्राचा नमुना, फर्मवेअरची आवृत्ती, चालणारी शेवटची व न चालणारी पहिली आवृत्ती, किती निद्रांपैकी किती अडल्या याची मोजदाद आणि साधल्यास द्विभाजनाचा निकाल एवढे असावे लागते. ‘नवीन आवृत्ती घेतल्यापासून लॅपटॉप उठत नाही’ एवढ्यावरून कोणासही काही करता येत नाही.

लिनक्सच्या निर्मात्यांत परागती ही इतर दोषांहून गंभीर मानण्याचा प्रघात आहे. पोलिश अभियंते रफाएल विसोत्स्की, जे निद्रा-व्यवस्थेचेही प्रमुख परिपालक आहेत, त्यांनी काही वर्षे प्रत्येक आवृत्तीतील परागतींची यादी ठेवली. पुढे जर्मन लेखक थॉर्स्टन लेमहुइस यांनी ते काम हाती घेतले. दोषी बदल निश्चित झाल्यावर त्याच्या कर्त्यास कळविले जाते. त्यास लवकर दुरुस्ती सुचली नाही, तर त्याचा बदल, तो कितीही चांगल्या हेतूने केलेला असला तरी, मागे घेतला जातो. दुरुस्ती आधी नव्या आवृत्तीत व तेथून चालू असलेल्या जुन्या स्थिर आवृत्त्यांत उतरते. तिच्या नोंदीत कोणत्या बदलामुळे दोष उद्‌भवला हे खुणेच्या अंकासह लिहिलेले असते आणि त्याखाली दोष कळविणाऱ्याचे व दुरुस्ती आपल्या यंत्रावर तपासून पाहणाऱ्याचे नाव स्वतंत्र ओळींत दिलेले असते.